गावपळणीतली गाडी

"आख्खं गाव रिकामं करून घेतलंय आपल्यासाठी," आबासाहेब मागे वळून म्हणाले. "माणूस न्हाई, कुत्रं न्हाई. फक्त आपण आणि समुद्र."

गाडी गगनबावड्याचा घाट उतरत होती. मी वळणावर हॉर्न दिला. मागच्या सीटवर सांगलीचे हिंदुराव बाबर आणि त्यांच्या पत्नी बसल्या होत्या.

"रिकामं गाव? ते कसं काय?" हिंदुरावांनी विचारलं.

"ओळख लागते," आबासाहेब म्हणाले. "हा आमचा गुणाजी तिथलाच. काय गुणाजी?"

"होय साहेब," मी म्हणालो. मी तिथलाच होतो, एवढं खरं होतं.

आबासाहेब खराडे यांचा कोल्हापुरात ओतकामाचा कारखाना होता आणि मी अकरा वर्षं त्यांच्या गाडीवर होतो. गाडी काळी, जर्मन, नवी घेतलेली. तिला किल्ली लावावी लागत नसे. किल्ली खिशात असली की पुरे, बटण दाबलं की सुरू. डिकीसुद्धा तशीच. किल्लीवाला माणूस जवळ उभा असला तरच उघडायची. आबासाहेब सीटचा पट्टा कधी लावत नसत, त्यामुळे गाडी सारखी टूं टूं करी. पहिल्या आठवड्यात त्याचा त्रास झाला, नंतर आम्हा दोघांनाही ते ऐकू येईनासं झालं.

आमच्या मागून एक लाल गाडी येत होती. दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली. ती हिंदुरावांचा मुलगा विराज चालवत होता. आबासाहेबांची मुलगी मृणाल त्याला द्यायची होती. बोलणी झाली होती, हिंदुरावांचा होकार तेवढा यायचा होता. त्या होकारासाठी हा दिवस काढला होता. सकाळी समुद्राकाठी नाश्ता, दुपारी माझ्या घरी मासळीचं जेवण, संध्याकाळी वाळूत खुर्च्या टाकून सूर्यास्त.

माझ्या घरी जेवण का, तर आबासाहेब एकदा माझ्या आईच्या हातचं जेवले होते. त्यानंतर कुठल्याही हॉटेलात गेले की पहिल्या घासाला म्हणत, "गुणाजीच्या आईची सर न्हाई." घर समुद्राला लागून होतं. अंगणातून लाटा दिसत. हे त्यांनी हिंदुरावांना इतक्या वेळा सांगितलं होतं की माझं घर मलाच बघावंसं वाटू लागलं होतं.

या गुरुवारची तारीख दसऱ्यालाच ठरली होती. निघायच्या चार दिवस आधी आईचा फोन आला.

"गुणो, देवान कौल दिल्यान. गावपळण आसा. बेस्तरवारपासून तीन दिस."

आमच्या वेळसर गावात काही वर्षांनी एकदा देव गाव सोडायला सांगतो. मग सगळा गाव, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं हद्दीबाहेर जाऊन राहतं. व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, झावळांच्या झोपड्या बांधायच्या. तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस नाही, दिवा नाही, विस्तव नाही. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि देव हो म्हणाला की परतायचं. परतल्यावर गावातली पहिली चूल आमच्या घरची पेटते. त्या चुलीतला निखारा घेऊन बाकीची घरं आपल्या चुली पेटवतात. तो आमच्या घराचा मान. आईने तो तीन वेळा राखला होता. मधल्या दिवसांत आमच्या घरातून धूर निघाला तर मान शेजारच्या दत्ताराम राण्यांकडे जाणार, हेही ठरलेलं होतं. राणे चाळीस वर्षं आमच्या कौलांकडे बघत होते.

मी हे आबासाहेबांना सांगितलं.

"म्हणजे गर्दी नसणार," ते म्हणाले. "झकास."

"आई घरात नसेल साहेब. झोपडीत असेल. घरात चूल पेटवता येत नाही."

"एक दिवस ये म्हणावं घरात."

"ती येणार नाही."

"बघू तिथं गेल्यावर," ते म्हणाले आणि फोन घ्यायला वळले.

मी पुढे बोललो नाही. मी पंचावन्न वर्षांचा होतो. दोन मुली कोल्हापुरात कॉलेजला होत्या. कारखान्याच्या फाटकावर गाडी चालवता येणारी माणसं रोज येऊन विचारून जात.

नाश्ता एका कड्यावर झाला. खाली समुद्र होता, हिरवट, आणि लांबवर तीन होड्या एका जागी टांगल्यासारख्या. मी घडीचं टेबल मांडलं, पांढरा कपडा घातला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, कारण कपडा हिंदुरावांच्या तोंडावर येत होता. चांदीचे चमचे होते. केक होता, चीज होतं, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी होती. वारा सगळ्यात वाळू घालत होता.

"कसं वाटतंय ताई?" आबासाहेबांनी विचारलं.

"छान," हिंदुरावांच्या पत्नी म्हणाल्या आणि रुमालात काहीतरी थुंकल्या.

नंतर आम्ही जेटीवर गेलो. आबासाहेबांनी दोन सुरमया घेतल्या, एकेक हातभर लांबीची. मासे विकणारीने विचारलं, "बर्फ घालू?" आबासाहेब म्हणाले, "कशाला? दोन तासांत खायच्यात." मी मासे घेऊन डिकीजवळ गेलो आणि डिकी आपोआप उघडली. आत गॅसची शेगडी होती, कॉफी करायला आणलेली. मी मासे तिच्या शेजारी ठेवले.

"अरे वा," हिंदुराव म्हणाले. "हात न लावता उघडते?"

"गाडी मालकाला ओळखते," आबासाहेब म्हणाले. ते दहा फुटांवर उभे होते.

मी डिकी बंद केली.

वेळसरच्या व्हाळावर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. डांबरी रस्ता तिथे संपतो. मोरीच्या छोट्या पुलापलीकडे जांभ्याचा तांबडा रस्ता गावात जातो, त्यावर चिरे वर आलेले. लाल गाडी तिथून पुढे गेली असती तर पोट फाडून घेतलं असतं. विराजने ती झाडाखाली लावली.

अलीकडे माळावर सगळा गाव होता. शंभरेक झोपड्या. कोणी पत्ते खेळत होतं, कोणी वडे तळत होतं. कोंबड्या आपलं घर कुठलं ते नव्याने शिकत होत्या. हिंदुराव काचेतून बघत राहिले.

"ही माणसं कुठली?"

"आसपासची," आबासाहेब म्हणाले.

मी गाडी मोरीजवळ उभी केली. बाईंना गार हवा हवी होती म्हणून इंजिन चालू ठेवलं आणि उतरलो. आई झोपडीच्या तोंडाशी बसून वाटण वाटत होती. पंचाहत्तरीची होती, पाठ वाकली होती, हात वाकले नव्हते.

"ये रे," ती म्हणाली. "इतक्या उशिरान?" मग आबासाहेबांना बघून पदर सारखा केला. "येवा सायबानू. जेवण तयार आसा. कोंबडी आसा, तिसऱ्यो आसत, सोलकढी आसा. बसा हयसरच."

"आई, इथं नको," आबासाहेब म्हणाले. "पाहुण्यांना तुमच्या अंगणात बसवायचंय. समुद्र दाखवायचाय. भांडी गाडीत घालूया, चला."

"शिजलेला अन्न व्हाळापलीकडे जाऊचा नाय."

"का?"

"थंय आता देव आसा."

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "मासे आहेत आमच्याकडं. शेगडी आहे. तुम्ही मसाला तेवढा द्या. आम्ही तिथं जाऊन तळतो."

"मसालो देतंय. इस्तव पेटवू नकात."

"विस्तव न्हवं आई. गॅस आहे. बटणाचा."

"जळता मां?"

"जळतो की."

"मगे इस्तवच तो."

एव्हाना दत्ताराम राणे येऊन उभे राहिले होते. हातात पत्ते तसेच. आईने त्यांच्याकडे पाहिलं, आबासाहेबांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

"गुणो, घर तुझा पण आसा," ती म्हणाली. "सांग तुझ्या सायबाक."

मी आबासाहेबांना बाजूला नेलं. म्हणालो, "साहेब, आज तिथं आग पेटली तर आमच्या घरचा मान जातो. आईचा जीव आहे त्यात."

"गुणाजी," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या पोरीचं लग्न आहे यात. त्या माणसाला मी गेले तीन म्हैने तुझं अंगण सांगतोय. आता झोपडीत बसवू काय त्याला? अर्ध्या तासाचं काम. कुणाला कळतंय?"

"मला हद्दीत जाता येत नाही साहेब."

"तू नगं येऊ. मला काय गाडी येत न्हाई व्हय?" मग वळून मोठ्याने म्हणाले, "हिंदुराव, चला. ताई, तुम्ही बसा सावलीत, विराजला बी बसवा. आम्ही जागा तयार करतो, मग बोलावतो तुम्हाला."

बाई उतरून आईशेजारी बसल्या. विराज आधीच पत्ते खेळणाऱ्यांत जाऊन बसला होता. आबासाहेब माझ्या सीटवर बसले, सीट मागे सरकवली, हिंदुराव शेजारी. दार लावता लावता त्यांनी विचारलं, "कुलूप?"

"गावपळणीत कुलूप लावत नाहीत. नुसती कडी आहे."

गाडी हलली. टूं टूं करत मोरी ओलांडून गेली. धुरळा उडाला, थोडा वेळ माडांच्या मध्ये लाल ढग दिसला, मग तोही खाली बसला.

राणे म्हणाले, "गेलो तुझो सायेब."

"गेलो," मी म्हणालो.

आईने वाटण उचललं आणि आत गेली. मी मोरीच्या कठड्यावर बसलो. तिथून आमचं घर दिसत नाही, पण घरामागचा उंच माड दिसतो. मी त्या माडाकडे बघत राहिलो. राणेही माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्याच माडाकडे बघू लागले. आम्ही दोघं धुराची वाट बघत होतो. लहानपणापासून शेजारी असून इतका वेळ एकमेकांजवळ आम्ही कधी बसलो नव्हतो.

पाठीमागे आई आणि बाई बोलत होत्या.

"मुली किती तुम्हाला?"

"तीन. एक गेली. हो एक झील, गुणो."

"आमचा एकच. विराज."

"बारीक आसा. जेवता काय?"

"जेवतो हो. पण बाहेरचं."

दीड वाजला. धूर दिसला नाही. पावणेदोनला रस्त्यावर दोन माणसं दिसली, चालत येणारी. आबासाहेबांनी कोट डोक्यावर घेतला होता. हिंदुराव धोतराचा सोगा हातात धरून पुढे चालत होते, त्यांना चालायची सवय होती. आबासाहेबांचे पांढरे बूट तांबडे झाले होते.

मोरीवर येऊन ते थांबले. दोन किलोमीटर आले होते, पण बोलायला त्यांना बराच वेळ लागला.

"बंद पडली," आबासाहेब म्हणाले. "दारात नेऊन उभी केली, बंद केली. परत सुरू होईना. डिकी उघडंना. शेगडी आत, मासे आत. फोनला रेंज न्हाई."

माळावरची माणसं जमली. कोणीतरी मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. दत्ताराम राणे उठून उभे राहिले. त्यांनी गावाच्या दिशेला हात जोडले. त्यांचा मान आला असता तो गेला होता, पण हात त्यांनीच आधी जोडले.

"देव जागो आसा," ते म्हणाले.

हिंदुरावांनी विचारलं, "कसला देव?"

बाईंनी उत्तर दिलं. त्या आईच्या पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. "अहो, हे गाव देवानं रिकामं केलंय. तीन दिवस. ही सगळी माणसं त्याच गावातली. आजींनी सांगितलं मला. विस्तवसुद्धा चालत नाही तिथं."

सगळे आबासाहेबांकडे बघू लागले. आबासाहेबांनी कोट डोक्यावरून काढला आणि झटकला. मग तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना.

हिंदुरावांनी हातातला सोगा सोडला. मग त्यांनीही हात जोडले.

"आबासाहेब," ते म्हणाले, "तुमची गाडी मालकाला ओळखते म्हणाला होतात ना?"

"होय," आबासाहेब म्हणाले.

"मग ओळखलं की तिनं. इथला मालक कोण ते."

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. सदरा पांढरा होता, पातळ, त्यांनीच शिवून दिलेला. बराच वेळ पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, हिंदुरावांकडे बघितलं आणि मिटलं.

"बसा जेवूक," आई म्हणाली. "निवला सगळा."

सगळे बसले. केळीच्या पानांवर, पत्रावळींवर, जे हाताला लागेल त्यावर. हिंदुराव तिसऱ्यांची शिंपली तीनदा मागून घेऊन जेवले. जेवताना म्हणाले की एवढ्या जागत्या देवाच्या दारात बोलणी झाली, आता वेगळा मुहूर्त कशाला बघायचा. बाईंनी मान हलवली. विराजने तोंडात वडा असताना काहीतरी म्हटलं, ते हो होतं असं सगळ्यांनी धरलं.

"आणि गाडी?" आबासाहेबांनी विचारलं. "कुणाला तरी पाठवून—"

"राहू दे," हिंदुराव म्हणाले. "तीन दिवस देवाची आहे ती. तिला हात नका लावू."

आबासाहेबांनी पानातली कोंबडी संपवली. गुणाजीच्या आईची सर न्हाई, असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.

परत जायला झोपड्यांचे वासे आणणारा एक टेंपो होता. लाल गाडीत हिंदुरावांच्या पत्नी विराजशेजारी बसल्या. आबासाहेब आणि हिंदुराव टेंपोत पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसले. मागे कोंबड्यांची दोन रिकामी खुराडी होती. सूर्यास्त त्यांना कणकवलीच्या फाट्याजवळ दिसला असेल.

टेंपोत चढण्यापूर्वी आबासाहेब माझ्याजवळ आले. म्हणाले, "जपून ठेव."

एवढंच.

चौथ्या दिवशी सकाळी देवाने कौल दिला. गाव परतलं. आईने अंगणात पाय ठेवला, काळी गाडी दारासमोर उभी होती, तिच्या टपावर पाचोळा पडला होता. तिच्याकडे न बघता आई आत गेली आणि चूल पेटवली. बाहेर बायका, पुरुष, पोरं निखारे न्यायला उभी होती. सगळ्यात पुढे दत्ताराम राणे, हातात खापर घेऊन.

दुपारी आबासाहेब दुसऱ्या गाडीतून एकटेच आले. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. ते गाडीच्या मागे गेले आणि डिकी उघडली.

दोन सुरमया तीन दिवस बंद डिकीत होत्या. आबासाहेब चार पावलं मागे सरले. मीही सरलो. अंगणात आलेलं कुत्रं पळत आलं, थांबलं आणि परत गेलं. आम्ही दोघं अंगणाच्या कडेला जाऊन समुद्राकडे तोंड करून बसलो, कारण वारा तिकडून येत होता.

"गाडी हलली तवा आवाज झाला हुता," ते म्हणाले. "टूं टूं."

"झाला होता."

"मला वाटलं पट्ट्याचा."

"तुम्हाला तसंच वाटणार, हे मला ठाऊक होतं."

त्यांनी बुटावरची वाळू झटकली. "समोर पट्टीवर लिहून बी येतं म्हणं. किल्ली गाडीत न्हाई म्हणून. मी बघितलं न्हाई."

"मला वाचता येत नाही साहेब."

"तुला ऐकू आलं की." ते लाटांकडे बघत म्हणाले. "किल्ली खिशात हाय, हे तुला म्हाईत हुतं. मी बंद केली की सुरू व्हायची न्हाई, डिकी उघडायची न्हाई, हे बी म्हाईत हुतं. एक हाक मारली असतीस तर?"

"मारली नाही."

आईने चहा आणून ठेवला. आबासाहेबांनी कप उचलला, चुलीकडे बघितलं, मग चहा प्याले.

"लग्न ठरलं," ते म्हणाले. "हिंदुराव आख्ख्या सांगलीला देवाची गोष्ट सांगत सुटलाय. त्याला कळता कामा नये."

"नाही कळणार."

"सोमवारपासनं येऊ नकोस."

"बरं साहेब."

त्यांनी कप पालथा घातला आणि उठले. गाडी त्यांनी सगळ्या काचा खाली करून नेली. ती पुढे विकली असं ऐकलं. घेणाऱ्याने कमी पैशांत का देताय असं विचारलं की नाही, ते मला ठाऊक नाही.

मी गावातच राहिलो. थोरल्या मुलीने कॉलेज सोडून दुकानात नोकरी धरली, धाकटीचं शिक्षण पुरं झालं. थोरलीने मला त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. पुढे तिच्याच मुलीच्या पाटीवर, साठी उलटल्यावर, मी अक्षरं गिरवली.

त्यानंतर तीन गावपळणी झाल्या. प्रत्येक वेळी व्हाळाकाठी जेवणं झाली की कोणीतरी म्हणतं, गुणोकाका, ती गाडीची गोष्ट सांगा, तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. मी सांगतो. गाडी गेली, बंद पडली, देव जागा आहे. दत्ताराम राणे होते तोवर ते माझ्या शेजारी बसून मान डोलवत. खिशाचं मी कधी सांगितलं नाही.

आईला मात्र सांगितलं होतं. आबासाहेब गेले त्याच संध्याकाळी. ती चुलीपुढे बसली होती, निखारे नेणारी माणसं येऊन गेली होती आणि चुलीत थोडेच उरले होते.

"आये," मी म्हणालो, "देवान काय करूक नाय. किल्ली माझ्या खिशात होती. माका ठाऊक होता."

ती फुंकणीने फुंकत राहिली. जाळ धरल्यावर तिने फुंकणी बाजूला ठेवली.

"ठाऊक होता तर गप कित्याक रवलंस?"

मी एक काटकी जाळात सारली.

"नोकरी गेली मां?"

"गेली."

"मगे देवाक कित्याक पुढे करतंस," ती म्हणाली. "हो मान आता तुझो. लाकडा आण."

मी लाकडं आणायला गेलो.